मनाच्या मदतीची वाट घराजवळच आहे
गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग येथील ज्येष्ठांसाठी व त्यांची काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांसाठी

गुडघा दुखू लागला तर कोणत्या डॉक्टरांकडे जावे, हे लालबाग-परळच्या चाळीत विचारले की पाच मिनिटांत पाच नावे पुढे येतात. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया कुठे करावी, कवळी कोण चांगली बसवून देतो, केईएममध्ये केसपेपरसाठी किती वाजता रांगेत उभे राहावे, ही सारी माहिती शेजारीपाजारी सहज मिळते. मात्र घरातील वडीलधारे माणूस महिनाभर धड जेवत नाही, रात्र रात्र जागे राहते, ‘आता पुरे झाले’ असे वारंवार म्हणू लागते, तेव्हा तेच बोलके घर गप्प होते. कोणाला विचारावे हे उमगत नाही, आणि विचारले तर लोक काय म्हणतील ही धास्ती असते.

या मौनामुळे मदत शेजारी असूनही ती दूर राहते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचारांची गरज असलेल्यांपैकी ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोहोचतच नाहीत. खेड्यापाड्यांत डॉक्टर नाहीत, हे त्याचे एक कारण आहे. परंतु ज्यांच्या घरापासून मोठी रुग्णालये बसच्या चार थांब्यांवर आहेत, अशा आपल्या भागात हे कारण पुरेसे ठरत नाही. म्हणून कोठे जावे, कोणाला फोन करावा आणि संकटाच्या घटकेला काय करावे, हे येथे क्रमाने मांडले आहे.

‘ठाण्याला पाठवण्या’ची भीती

मुंबईच्या मराठीत ‘याला ठाण्याला पाठवा’ हे वाक्य थट्टेने बोलले जाते. त्या थट्टेमागे १९०१ मध्ये सुरू झालेले ठाण्याचे मनोरुग्णालय आहे. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या पिढीने हे वाक्य लहानपणापासून ऐकले, आणि ‘मनाचा डॉक्टर’ म्हणजे उंच भिंती, कुलपे आणि परत न येणारी माणसे, असे चित्र मनात घट्ट बसले. घरातील कोणी ‘मनोविकारतज्ज्ञांना दाखवू या’ म्हटले की आजोबा संतापतात, कारण त्यांना त्यात ‘तुम्हाला घराबाहेर काढतो’ एवढेच ऐकू येते.

वस्तुस्थिती फार पूर्वीच बदलली आहे. सर्वसाधारण रुग्णालयातच मनाच्या आजारांवर उपचार व्हावेत, या विचाराने कोलकात्यात १९३३ मध्ये असा पहिला विभाग सुरू झाला, आणि त्यानंतर १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात. म्हणजे आज ऐंशी वर्षांचे असलेले वाचक जन्माला येण्यापूर्वीपासून या शहरात ताप, खोकला आणि हाडांच्या दुखण्याच्या शेजारीच मनाच्या दुखण्याचीही खोली आहे. तेथे जाणारे बहुसंख्य रुग्ण सकाळी येतात, डॉक्टरांशी बोलतात, औषधे घेतात आणि दुपारी घरी जेवायला परततात. हे एवढेच आजोबांना सांगितले, तरी त्यांची निम्मी भीती कमी होते.

वय झाले म्हणून की आजार म्हणून?

‘वय झाले की असे होणारच’ हे वाक्य आपल्या घरांतून इतके सहज उच्चारले जाते की त्याखाली बरे होऊ शकणारे आजार झाकले जातात. उतारवयात तीन गोष्टी एकमेकींसारख्या दिसतात. त्या वेगळ्या ओळखता आल्या, तर कोठे जावे हा प्रश्न पुष्कळसा सुटतो.

पहिली गोष्ट औदासीन्याची, म्हणजे ज्याला आपण डिप्रेशन म्हणतो त्याची. ज्येष्ठांमध्ये ते रडण्यातून दिसेलच असे नाही. पहाटे तीन-चार वाजता जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, जेवणावरची वासना उडणे, तपासण्यांत काही न सापडणारी अंगदुखी, कट्ट्यावर किंवा भजनाला जाणे एकाएकी थांबणे, वर्तमानपत्र उघडूनही न वाचणे, लहानसहान गोष्टींवर चिडणे, ‘मी तुम्हाला भार झालो आहे’ असे पुनःपुन्हा म्हणणे, या त्याच्या खुणा होत. जोडीदाराच्या निधनानंतरचे दुःख स्वाभाविक असते आणि ते लाटांसारखे येते-जाते. नातवंडे आली की चेहरा क्षणभर उजळतो. मात्र दोन आठवडे किंवा अधिक काळ जवळजवळ रोज, दिवसभर हीच अवस्था राहिली, तर डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता किंवा चालू असलेले एखादे औषध यांमुळेही असे होऊ शकते, म्हणून रक्ततपासणी आवश्यक ठरते.

दुसरी गोष्ट स्मृतिभ्रंशाची. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतातील साठ वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के व्यक्तींना, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. चष्मा कुठे ठेवला हे विसरणे म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकणे, आयुष्यभर केलेल्या आमटीची कृती न आठवणे, तोच प्रश्न तासाभरात दहा वेळा विचारणे, पैशांचा हिशेब न जमणे, आणि हे महिनोन्महिने वाढत जाणे, ही त्याची लक्षणे होत.

तिसरी गोष्ट सर्वांत तातडीची, आणि नेमकी तीच ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून दिली जाते. काल संध्याकाळपर्यंत ठीक असलेल्या आजी आज सकाळी माणसे ओळखत नाहीत, असंबद्ध बोलतात, भिंतीवर काहीतरी दिसते म्हणतात, कधी गुंगीत तर कधी अस्वस्थ असतात. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत आलेला असा संभ्रम हा बहुधा शारीरिक आजाराचा इशारा असतो. लघवीचा किंवा फुप्फुसांचा संसर्ग, शरीरातील सोडियम घटणे, साखर खूप कमी होणे, पडल्यावर डोक्याला लागलेला मार, औषधांची गफलत, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञांच्या भेटीची वाट पाहू नये, आणि देवऋषाकडे तर मुळीच जाऊ नये. त्याच दिवशी रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे.

गॅलरी गेली, तिच्याबरोबर पहाराही गेला

चाळीच्या सामाईक गॅलरीत एकांत नव्हता, हे खरे. पण सकाळी दहापर्यंत एखाद्या खोलीचे दार उघडले नाही, तर शेजारीण कडी वाजवत असे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि पुढे गिरणगावातील असंख्य घरांचा आधार तुटला. त्या वर्षांत अनेक कुटुंबे तरली ती शेजारच्या डब्यातील पिठावर आणि शेजाऱ्यांच्या शब्दावर. त्या काळात जे सोसले ते पुष्कळांनी कधी बोलून दाखवले नाही. दारूच्या आहारी गेलेले पती, त्यांना सांभाळत घर चालवणाऱ्या स्त्रिया, शिक्षण सोडावे लागलेली मुले, यांचा भार आजही काही घरांत न बोलता वाहिला जातो.

आता चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. स्वतःचे स्वच्छतागृह, लिफ्ट आणि पाणी मिळाले, याचा आनंद रास्तच आहे. परंतु बाविसाव्या मजल्यावर दार लावून घेतलेल्या एकट्या ज्येष्ठाकडे कोणाचे लक्ष जाणार? आपल्या इमारतीत एकटे राहणारे कोणी असेल, तर दिवसातून एकदा दाराची घंटा वाजवण्याचे काम दोन-तीन घरांनी वाटून घ्यावे. गणेशोत्सव मंडळे, महिला मंडळे आणि ज्येष्ठ नागरिक संघ आपल्या भागात भरपूर आहेत. वर्षातून एकदा ज्येष्ठांचा सत्कार करण्याबरोबरच त्यांनी हे काम बारा महिने चालवले, तर त्याचे मोल शालश्रीफळापेक्षा अधिक होईल.

कोठे जावे

परळचे केईएम रुग्णालय १९२६ पासून आणि मुंबई सेंट्रलजवळचे नायर रुग्णालय १९२१ पासून सेवेत आहे. ही दोन्ही महापालिकेची वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली रुग्णालये आहेत, आणि दोन्हींत मनोविकार विभाग आहे. लालबाग, परळ, शिवडी, प्रभादेवी येथील रहिवाशांना केईएम सोयीचे. गिरगाव, ताडदेव, मुंबई सेंट्रल येथील रहिवाशांना नायर किंवा भायखळ्याचे राज्य शासनाचे जे. जे. रुग्णालय जवळ पडते. दादर-माटुंग्याकडच्यांना केईएमबरोबरच शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालयही सोयीचे आहे.

बाह्यरुग्ण विभाग सकाळी सुरू होतो. मनोविकार विभागाची नवीन रुग्णांची वेळ आणि वार आधी फोन करून किंवा रुग्णालयाच्या चौकशी खिडकीवर विचारून घ्यावेत. गर्दी असते, हे आधीच गृहीत धरावे. पाण्याची बाटली, डबा, काठी, चष्मा आणि श्रवणयंत्र बरोबर घ्यावे. चालवत नसेल तर दारातच चाकांची खुर्ची मागावी. डॉक्टरांना मिळणारी मिनिटे थोडी असतात, म्हणून पाच गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: त्रास केव्हापासून आहे, झोप व जेवण कसे आहे, अलीकडे घरात काय घडले, इतर कोणते आजार आहेत, आणि सध्या कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत. गोळ्यांची नावे आठवत नसतील तर सगळी पाकिटे एका पिशवीत घालून न्यावीत. काडे, चूर्णे आणि झोपेच्या गोळ्याही त्यात असाव्यात. त्या लपवू नयेत.

तेथे भेटणारी माणसे वेगवेगळ्या कामांची असतात. मनोविकारतज्ज्ञ हे औषध देणारे डॉक्टर. मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात आणि संवादातून उपचार करतात. वैद्यकीय समाजसेवक घरची अडचण, पैशांची मदत, निवाऱ्याची सोय यांसाठी मार्ग दाखवतात. खर्चाची चिंता असेल तर समाजसेवकांना भेटल्याशिवाय परत येऊ नये.

पहिल्याच पायरीला मोठे रुग्णालय नको वाटत असेल, तर आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांपासून किंवा महापालिकेच्या ‘आपला दवाखाना’पासून सुरुवात करावी. रक्तदाब तपासायला म्हणून गेलेले आजोबा तेथे झोपेविषयी बोलू शकतात, आणि ज्या डॉक्टरांवर तीस वर्षांचा विश्वास आहे त्यांनी लिहिलेली चिठ्ठी ते अधिक सहज मानतात.

औषधांविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. औदासीन्यावरील गोळ्यांचा गुण यायला साधारणतः दोन ते सहा आठवडे लागतात. ‘आठ दिवस घेतल्या, काही फरक नाही’ म्हणून त्या सोडू नयेत, आणि बरे वाटू लागले म्हणून स्वतःच्या मनाने एकदम थांबवूही नयेत. या गोळ्यांची सवय लागते हा समज चुकीचा आहे. सवय लागू शकते ती काही झोपेच्या गोळ्यांची. त्यांनी ज्येष्ठांचा तोल जाऊन पडण्याचा धोकाही वाढतो. म्हणून शेजाऱ्याला चालली ती झोपेची गोळी आपण घेऊ नये.

फोनवरची मदत

घराबाहेर पडणे शक्य नसेल, किंवा नाव न सांगता आधी थोडे बोलावेसे वाटत असेल, तर फोन हा चांगला मार्ग आहे. खालील क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

१४४१६ — टेलिमानस. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली मोफत सेवा. चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतात आणि गरज पडल्यास तज्ज्ञांशी जोडून देतात.

१४५६७ — एल्डरलाइन. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय सेवा, सकाळी आठ ते रात्री आठ. एकाकीपण, घरातील छळ, निवृत्तिवेतन, कायदेशीर माहिती, अशा सर्व गोष्टींसाठी.

१०९० — मुंबई पोलिसांची ज्येष्ठ नागरिकांसाठीची सेवा. एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांनी आपल्या पोलीस ठाण्यात नावनोंदणीही करून ठेवावी.

९१५२९८७८२१ — ‘आयकॉल’. टाटा समाजविज्ञान संस्थेची समुपदेशन सेवा, दिवसा.

१०८ — रुग्णवाहिका. ११२ — पोलीस व इतर तातडीची मदत.

फोन उचलणारी व्यक्ती तुम्हाला ओळखत नसते, आणि पुष्कळांना त्यामुळेच बोलणे सोपे जाते. काय बोलावे सुचत नसेल तर ‘मला काही दिवसांपासून बरे वाटत नाही, कोणाशी तरी बोलायचे आहे’ एवढे वाक्य पुरे. फोन लागला नाही तर पुन्हा करावा, किंवा दुसरा क्रमांक लावावा. काळजी घेणाऱ्या सुनेने, मुलाने, पतीने किंवा पत्नीने स्वतःसाठी फोन केला तरी तो तितकाच योग्य आहे.

संकटाची घटका

घरातील ज्येष्ठ व्यक्ती जगणे संपवण्याविषयी बोलते, किंवा तसे न बोलताही पासबुके व दागिने घाईने वाटून टाकते, सर्वांचा निरोप घेतल्यासारखे वागते, औषधे साठवते, किंवा फार अस्वस्थतेनंतर एकाएकी विलक्षण शांत होते, तेव्हा ‘उगाच बोलतात’ म्हणून दुर्लक्ष करू नये. पत्नीच्या निधनानंतर एकटे पडलेले पुरुष, नुकतेच गंभीर आजाराचे निदान झालेले रुग्ण आणि पूर्वी असा प्रयत्न केलेल्या व्यक्ती, यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे.

सर्वप्रथम, शांतपणे आणि सरळ विचारावे: ‘बाबा, जीव नकोसा झाला आहे का? जीव द्यावा असे विचार मनात येतात का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट, इतके दिवस एकट्याने वाहिलेले ओझे कोणीतरी पाहिले, याने मोकळे वाटते. उत्तर आल्यावर उपदेश करू नये. ‘तुम्हाला काय कमी आहे?’, ‘आमचा विचार केला नाही का?’, ‘देवाचे नाव घ्या’ ही वाक्ये प्रेमातून आली तरी त्या क्षणी दार बंद करतात. ‘बरे झाले सांगितलेत. मी येथेच आहे. आपण मिळून मदत घेऊ’ एवढे म्हणावे आणि ऐकत राहावे.

दुसरे, त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. घरातील औषधांचा साठा, कीटकनाशके आणि धोका होईल अशा इतर वस्तू दुसऱ्या कोणाच्या ताब्यात द्याव्यात. कडी आतून लावू देऊ नये. ‘कोणाला सांगू नकोस’ असे वचन मागितले तरी ते देऊ नये. ‘तुम्हाला मदत करू शकतील त्यांनाच सांगेन’ असे प्रामाणिकपणे सांगावे.

तिसरे, १४४१६ वर फोन करावा. धोका तातडीचा असेल, किंवा काही घेतल्याची नुसती शंका असली तरी, वाट न पाहता १०८ लावावा किंवा टॅक्सीने थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात न्यावे. तो विभाग रात्रंदिवस उघडा असतो. काय घेतले असावे त्याचे पाकीट किंवा बाटली बरोबर न्यावी. घरच्या घरी ओकारी काढण्याच्या खटपटीत वेळ घालवू नये.

पुष्कळ कुटुंबे या क्षणी पोलिसांच्या भीतीने थबकतात. म्हणून कायदा नीट जाणून घ्यावा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि त्या प्रयत्नासाठी तिच्यावर खटला चालवून शिक्षा करता येत नाही. उलट तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. डॉक्टरांपासून काही लपवू नये.

आधीच लिहून ठेवण्याचा हक्क

२०१८ च्या सुरुवातीला गिरगावच्या ठाकूरद्वार परिसरातील एका वृद्ध, अपत्यहीन दाम्पत्याने राष्ट्रपतींकडे इच्छामरणाची परवानगी मागितल्याच्या बातम्या देशभर छापून आल्या. दोघांनाही कोणताही जीवघेणा आजार नव्हता. पुढे अंथरुणाला खिळावे लागू नये, कोणावर अवलंबून राहावे लागू नये, ही त्यांची मागणीमागची भूमिका होती. त्यांच्या मताविषयी निवाडा देणे हा या लेखाचा विषय नाही. परंतु परावलंबनाची ती भीती आपल्या अनेक घरांत न बोलता वावरते, आणि तिच्यावर घरात मोकळेपणाने बोलणे हाही उपचाराचाच भाग आहे.

कायद्याने त्यासाठी दोन साधने दिली आहेत. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, बरे होण्याची आशा नसलेल्या अवस्थेत जीव लांबवणारे उपचार नकोत, असे आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. २०२३ मध्ये त्याची पद्धत अधिक सोपी केली. दुसरे साधन मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील आहे: पुढे मनाचा आजार झाला तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे कोणत्याही सज्ञान व्यक्तीला आधी लिहून ठेवता येते. आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यावा, त्या व्यक्तीचे नाव तर साध्या कागदावर सही किंवा अंगठा उमटवून देता येते. मुलांपैकी कोण, भाची की जुनी मैत्रीण, हे आपण शांत आणि सावध असतानाच ठरवावे.

काळजी घेणाऱ्याची काळजी

एकाच प्रश्नाला दिवसातून चाळीस वेळा उत्तर देणारी सून, रात्री चार वेळा उठणारी सत्तरीची पत्नी, नोकरी सोडून आईपाशी बसलेला अविवाहित मुलगा, यांच्याकडे पाहुणे ‘तुम्ही किती करता हो’ म्हणतात आणि चहा पिऊन जातात. राग येणे, मग त्या रागाचीच लाज वाटणे, पाठ दुखणे, कोणाशी बोलू नयेसे वाटणे, हे काळजी घेणाऱ्याच्या थकव्याचे क्रम आहेत. तो थकवा वाढला की एखाद्या दिवशी हात उगारला जातो. ती वेळ येण्यापूर्वीच मदत मागावी.

भावंडांनी फोनवरून चौकशी करण्याऐवजी आठवड्यातील ठराविक अर्धा दिवस अंगावर घ्यावा. जो दूरदेशी असेल त्याने मदतनिसाचा खर्च उचलावा. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या कुटुंबांसाठी ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था १९९२ पासून काम करते. ज्येष्ठांसाठी १९९५ मध्ये मुंबईत स्थापन झालेले ‘डिग्निटी फाउंडेशन’ आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये उभी केलेली ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ मराठीतून समुपदेशन करते. ज्या ठाण्याच्या नावाने आपण घाबरत आलो, तेथेच आज लोक आपणहून मनाच्या मशागतीसाठी जातात. घरात दारूचा प्रश्न असेल, तर १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेले मुक्तांगण आणि ठिकठिकाणी भरणाऱ्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा हे आधार आहेत. स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या कुटुंबांसाठी पुण्याची ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ १९९७ पासून काम करते.

घरात हा विषय काढणे अवघड वाटत असेल, तर एक सोपी वाट आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे ‘देवराई’, ‘अस्तु’ आणि ‘कासव’ हे चित्रपट अनुक्रमे स्किझोफ्रेनिया, स्मृतिभ्रंश आणि औदासीन्य यांवर आहेत. ‘अस्तु’मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या निवृत्त संस्कृत प्राध्यापकाची भूमिका डॉ. मोहन आगाशे यांनी केली आहे, आणि ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. कुटुंबाने एकत्र बसून यांपैकी एखादा चित्रपट पाहिला, तर पडद्यावरच्या माणसांविषयी बोलता बोलता आपल्या घराविषयीही बोलणे सुरू होते.

दारामागचा कागद

मध्यरात्री घाबरलेल्या माणसाला मोबाइलमध्ये क्रमांक शोधणे जमत नाही, चष्मा सापडत नाही. म्हणून हा अंक खाली ठेवण्यापूर्वी एक कोरा कागद घ्या आणि ठळक अक्षरांत लिहा: वर दिलेले क्रमांक, आपल्या फॅमिली डॉक्टरांचा क्रमांक, जवळच्या रुग्णालयाचे नाव आणि तेथे कसे जायचे, चालू असलेल्या गोळ्यांची नावे, ज्या गोळीची ॲलर्जी आहे तिचे नाव, पाच मिनिटांत येऊ शकतील अशा दोन शेजाऱ्यांची नावे, आणि निर्णय घेणाऱ्या नातेवाइकाचे नाव.

त्या दोन शेजाऱ्यांना आजच सांगून ठेवा की, तुमचे नाव आम्ही लिहिले आहे. हे सांगताना संकोच वाटेल. पण बहुधा समोरूनही विचारणा होईल: ‘आमच्याही कागदावर तुमचे नाव लिहू का?’ तेव्हा हो म्हणा. कागद दारामागे, नजरेच्या उंचीवर लावा, आणि दर सहा महिन्यांनी, गणपतीत आणि होळीला, क्रमांक लावून पाहून तो नवा करा.